आधी ‘एक’ म्हणजे काय ते ठरवा : प्रयोगशाळेत आणि वॉर्डात लागणारं संख्याशास्त्र

दंतवैद्यकाच्या एका पीजी विद्यार्थिनीने तिचा मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता, माझ्यासमोर उघडला. १८० ओळी होत्या. हिरड्यांच्या आजाराचे रुग्ण, प्रत्येकाच्या एका दाताभोवती सहा ठिकाणी प्रोब घालून मोजलेली खोली. अर्ध्या रुग्णांना सफाईबरोबर नवीन जेल, अर्ध्यांना नुसती सफाई. पी-व्हॅल्यू ०.००१ च्याही खाली आली होती. (पी-व्हॅल्यू म्हणजे काय ते पायरी ८ मध्ये येईल; तूर्त एवढंच की ती ०.०५ च्या खाली आली की फरक ‘सिग्निफिकंट’, म्हणजे दखलपात्र, म्हणायची प्रथा आहे.) मी विचारलं, “रुग्ण किती?” ती म्हणाली, “तीस.” मग आम्ही प्रत्येक रुग्णाच्या सहा आकड्यांची सरासरी काढली, ३० ओळींचा नवा तक्ता केला आणि तीच चाचणी पुन्हा लावली. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर गेली. थिसिस द्यायला बारा दिवस उरले होते.

तिने आकडे खोटे लिहिले नव्हते, मोजमाप अतिशय काळजीने केलं होतं. फक्त सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आधी द्यायचा आराखडा, लिहिताना “आपल्या अभ्यासात एक म्हणजे काय” हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. १९३८ साली कलकत्त्यात पहिली भारतीय संख्याशास्त्र परिषद भरली, तेव्हा अध्यक्षीय भाषणात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी सांगितलं होतं की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे शवविच्छेदन करायला बोलावणं. प्रयोग कशाने गेला एवढंच तो सांगू शकेल. ते मी दर वर्षी नव्याने खरं होताना बघते. म्हणून हा लेख नमुने गोळा करायला अजून सुरुवात न केलेल्यांसाठी आहे. सूत्रं फार नाहीत. ज्या क्रमाने काम करायचं त्या क्रमाने लिहिलं आहे.

पायरी १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

“अमुक औषधाच्या परिणामाचा अभ्यास” हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात चार गोष्टी हव्यात : कुणामध्ये, काय दिलं किंवा काय मोजलं, कशाशी तुलना, आणि कोणत्या एका आकड्यावरून निकाल ठरवणार. “गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीत रक्तक्षय असलेल्या स्त्रियांमध्ये, शिरेतून दिलेल्या लोहाने गोळ्यांच्या तुलनेत सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन किती जास्त वाढतं?” असं वाक्य लिहून झालं की निम्मं काम झालं. मोजायचं काय, कधी, किती जणांत, हे सगळं त्यातून निघतं.

निकाल ठरवणारा आकडा एकच निवडा. बाकीचे मोजा, तक्त्यात द्या, पण मुख्य कोणता ते आधी लिहून ठेवा. शेवटी जो बरा दिसेल त्याला मुख्य म्हणायची सवय किती महागात पडते ते पुढे येईल. रुग्णांवर उपचारांची तुलना करत असाल तर हे वाक्य सीटीआरआयच्या नोंदणीतही लागतंच. २००७ पासून सुरू असलेल्या या भारतीय नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद करायची असते.

याच वेळी निकालाचे रिकामे तक्ते आखून ठेवा. रकान्यांची नावं लिहायची, आकडे नाहीत. रिकामा तक्ता आखता आला नाही तर प्रश्न अजून पक्का झालेला नाही असं समजा.

पायरी २ : ‘एक’ ठरवा

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. ती जमते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. पण एकाच पातेल्यातली दहा शितं दाबून पाहिली म्हणून दहा घरांचा भात कळत नाही. एकाच घरचा भात जास्त खात्रीने कळतो, इतकंच.

संशोधनातही हेच. ज्याला उपचार स्वतंत्रपणे देता येतो किंवा नाकारता येतो, तो तुमचा ‘एक’. औषध माणसाला दिलं तर माणूस एक. त्याचे दोन डोळे, सहा दात, पाच दिवसांची साखर हे सगळं त्या एकाच्या पोटातलं. उंदरांना औषध खाद्यातून पिंजऱ्याला मिळून दिलं तर पिंजरा एक, पिंजऱ्यातले चार उंदीर चार नव्हेत. गाभण उंदरीला औषध दिलं आणि पिल्लांची वजनं घेतली तर ती उंदीर-आई एक. पेशींच्या कामात तर हा घोटाळा सर्रास होतो : एकाच फ्लास्कमधल्या पेशी एकाच दिवशी सहा वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत) घातल्या आणि आलेखाखाली ‘एन = ६’, म्हणजे सहा स्वतंत्र नमुने, असं लिहिलं. त्या सहा वेलमधला फरक तुमचं पिपेटिंग किती स्थिर आहे ते सांगतो. प्रयोग वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (वेगळ्या वेळी नव्याने वाढवलेल्या) पेशी घेऊन, द्रावणं नव्याने बनवून केला तर परिणाम टिकतो का, याबद्दल तो काही सांगत नाही. तिथे ‘एन’ म्हणजे असे वेगवेगळे दिवस.

मग एकाच रुग्णाची तीन मोजमापं घ्यायचीच नाहीत का? जरूर घ्या. रक्तदाब तीनदा घेऊन सरासरी काढली तर त्या रुग्णाचा आकडा जास्त भरवशाचा होतो. पण तक्त्यात त्याची ओळ एकच. सगळी मोजमापं वापरायचीच असतील, तर एका माणसाची मोजमापं एकमेकांशी बांधलेली आहेत हे लक्षात घेणाऱ्या पद्धती आहेत. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञाची मदत घ्या, आणि ती सिनॉप्सिसच्या टप्प्यावरच घ्या.

पायरी ३ : किती हवेत?

“साठ घेऊ, मागच्या बॅचने साठच घेतले होते” हे उत्तर एथिक्स कमिटीत चालूनही जातं. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर ते चालायला नको. फार थोडे घेतले तर खरा फरकही निसटतो आणि त्या सगळ्यांना टोचलेल्या सुया वाया जातात.

दोन गटांच्या सरासरीची तुलना असेल तर एक सोपं गणित हाताशी ठेवा. तुमच्या मोजमापाचं प्रमाण विचलन, म्हणजे एसडी (आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत त्याचं माप), भागिले तुम्हाला टिपायचा असलेला फरक. त्याचा वर्ग करा आणि १६ ने गुणा. प्रत्येक गटात साधारण तेवढे लागतात. यात पॉवर, म्हणजे खरा फरक असल्यास तो सापडायची शक्यता, ८० टक्के आणि पी-व्हॅल्यूची मर्यादा ०.०५ धरलेली आहे. समजा हिमोग्लोबिनचा एसडी १.५ ग्रॅम आहे आणि ०.७५ ग्रॅमचा फरक टिपायचा आहे. भागाकार २, वर्ग ४, गुणिले १६ म्हणजे ६४. दहा टक्के रुग्ण फॉलो-अपला येणार नाहीत असं धरलं तर ६४ भागिले ०.९, म्हणजे गटात ७२. आता टिपायचा फरक निम्मा करून पाहा : ६४ चे २५६ होतात. बारीक फरक शोधायची किंमत अशी चौपटीने वाढते.

यातला ‘टिपायचा फरक’ संगणक सांगू शकत नाही. किती ग्रॅमने हिमोग्लोबिन वाढलं तर बाईच्या थकव्यात, बाळंतपणातल्या धोक्यात फरक पडतो, हे डॉक्टरने ठरवायचं. एसडी आधीच्या प्रकाशित अभ्यासातून किंवा स्वतःच्या छोट्या पायलटमधून घ्या.

नुसतं प्रमाण काढायचं असेल, उदाहरणार्थ ओपीडीतल्या मधुमेहींपैकी किती जणांना पायाला बधिरपणा आहे, तर आपल्याकडे सगळ्यांना पाठ असलेलं सूत्र वापरा : चार पी क्यू भागिले एलचा वर्ग (पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक). अपेक्षित प्रमाण ३० टक्के आणि चूक ५ टक्क्यांपर्यंत चालत असेल तर ४ × ३० × ७० भागिले २५, म्हणजे ३३६. काही थिसिसांत एल हा पीच्या २० टक्के धरतात, म्हणजे इथे ६, आणि उत्तर २३४ वर येतं. तसं करायला बंदी नाही. पण मग निकाल “३० टक्के, सहा इकडे किंवा तिकडे” इतकाच नेमका असेल, हे मान्य करून करा.

पायरी ४ : वाटणी चिठ्ठीने, मनाने नाही

सोमवारचे रुग्ण अ गटात, मंगळवारचे ब गटात. किंवा एक सोडून एक. हे रँडमायझेशन, म्हणजे चिठ्ठीने वाटणी, नाही. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे हाउसमनला, म्हणजे वॉर्डातल्या ज्युनिअर डॉक्टरला, माहीत असलं की त्याच्याही नकळत जरा बरा रुग्ण एका बाजूला सरकतो.

ब्रिटनमध्ये १९४७ साली क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी सुरू झाली तेव्हा संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी नेमकं हेच थांबवलं. वाटणी यादृच्छिक आकड्यांवरून आधीच ठरवलेली, बंद पाकिटांत ठेवलेली, आणि रुग्ण चाचणीत घ्यायचा हे पक्कं झाल्यावरच पाकीट उघडायचं. एक्स-रे वाचणाऱ्यांनाही गट माहीत नव्हता. १९४८ मध्ये निकाल आला : सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनच्या ५५ पैकी ४ रुग्ण दगावले, नुसत्या अंथरुणावरच्या विश्रांतीच्या ५२ पैकी १४. फक्त १०७ रुग्ण, पण आजही तो आकडा कुणी खोडत नाही, कारण वाटणीत कुणाचा हात नव्हता. आपल्याकडे मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात १९३ क्षयरुग्णांना असंच वाटून घरी उपचार आणि सॅनेटोरियम यांची तुलना झाली. घरी राहून औषध घेणारेही जवळपास तितकेच बरे होतात हे त्यातून दिसलं, आणि क्षयरोगाच्या उपचाराची जगभरची दिशा बदलली.

तुमच्या थिसिसला हे सगळं झेपतं. संगणकावर यादी काढा, अपारदर्शक पाकिटांवर क्रमांक घाला, आणि पाकिटं रुग्ण न घेणाऱ्या माणसाकडे ठेवा.

पायरी ५ : मास्टर चार्ट

इथे मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या कामांपैकी सगळ्यात जास्त तास इथेच जातात.

चार्ट कसा आलेला असतो ते सांगते. वरच्या दोन ओळी मर्ज केलेल्या, त्यात कॉलेजचं नाव. लिंगाच्या रकान्यात ‘एम’, ‘मेल’, ‘पुरुष’ आणि एका ठिकाणी ‘एम’च्या मागे एक स्पेस, संगणकाच्या दृष्टीने चार वेगवेगळी लिंगं. सीआरपीच्या (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) रकान्यात ‘१२ मिग्रॅ’, ‘पॉझिटिव्ह’, ‘०.५ पेक्षा कमी’. रक्तदाब ‘१३०/८०’ असा एकाच चौकटीत. ज्यांना गुंतागुंत झाली त्या ओळी पिवळ्या रंगवलेल्या, आणि गुंतागुंत झाली असं लिहिलेला रकानाच नाही. खाली सरासरीची ओळ, ती चुकून पुढच्या गणितात एक रुग्ण म्हणून मोजली गेलेली.

नियम असे पाळा. एक ओळ म्हणजे एक ‘एक’, पायरी दोनमध्ये ठरवलेला. एक रकाना म्हणजे एक गोष्ट. सिस्टोलिक वेगळा, डायस्टोलिक वेगळा. चौकटीत नुसता आकडा, एकक रकान्याच्या नावात. रंगाला अर्थ देऊ नका, त्यासाठी ० आणि १ चा रकाना करा. मोजलं नाही तर चौकट रिकामी सोडा. तिथे शून्य घालू नका, शून्य हा मोजलेला आकडा आहे. यंत्राच्या मर्यादेखाली आलेला निकाल रिकामाही नाही आणि शून्यही नाही; त्याच्यासाठी ‘मर्यादेखाली’ असा शेजारी वेगळा रकाना ठेवा. वय लिहिण्याऐवजी जन्मतारीख असेल तर उत्तम, पण तारीख सगळीकडे एकाच पद्धतीने. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हा वाद सहा महिन्यांनी केसपेपर शोधून मिटवावा लागतो.

एक्सेल स्वतःहून तारखा बनवतं तेही ध्यानात ठेवा. ‘सेप्ट-१’, ‘मार्च-१’ अशी जनुकांची नावं एक्सेलमध्ये टाकली की त्यांची १ सप्टेंबर आणि १ मार्च होत असे. इतक्या शोधनिबंधांच्या तक्त्यांत हे घडलं की २०२० पर्यंत जनुकांची अधिकृत नावंच बदलून ‘सेप्टिन-१’, ‘मार्चएफ-१’ अशी करावी लागली. तुमच्याकडे नमुन्याचा क्रमांक ‘३-५’ असा असेल तर त्याचीही तारीख होईल. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मगच टाइप करा.

आणि सॉर्ट. एका विद्यार्थ्याने फक्त वयाचा रकाना निवडून सॉर्ट केला होता. वयं चढत्या क्रमाने लागली, बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले. सत्तरीच्या आजोबांचं वय कुण्या दुसऱ्याला गेलं आणि त्यांच्या नावापुढे एकवीस आलं. फाइल सेव्ह झाली होती, जुनी प्रत नव्हती. सगळे केसपेपर रेकॉर्ड रूममधून पुन्हा काढावे लागले. म्हणून पहिली, हात न लावलेली फाइल तारखेसह वेगळी ठेवा आणि काम नेहमी तिच्या प्रतीवर करा. रुग्णांची नावं त्यात नकोतच. अभ्यासक्रमांक पुरे, नाव-क्रमांकाची यादी कुलुपात.

पायरी ६ : चाचणी लावण्याआधी आकडे डोळ्यांनी पाहा

प्रत्येक रकान्याचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा काढा. हिमोग्लोबिन १०२ आलं तर दशांश चिन्ह राहिलंय, हे तिथेच कळतं. मग प्रत्येक रुग्ण एक ठिपका असा आलेख काढा. थोडे रुग्ण असताना सरासरीचे खांब काढून त्यावर काडी लावण्यापेक्षा ठिपके दाखवणं जास्त प्रामाणिक. दहा ठिपक्यांपैकी एकच फार वर गेल्यामुळे सरासरी उचलली गेली असेल, तर खांबात ते लपतं.

सीआरपी, फेरिटिन, रुग्णालयातले दिवस, व्हायरल लोड हे आकडे एका बाजूला लांब शेपूट असलेले असतात. अशा ठिकाणी ‘४८ अधिक-उणे ७०’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला उणे सीआरपी दिसू लागतं. मध्यक द्या, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, आणि सोबत मधल्या निम्म्या रुग्णांची कक्षा. किंवा आकड्यांचा लॉग (लॉगरिदम) घेऊन काम करा. पातळ्या दुपटी-चौपटीने बदलतात त्या गोष्टींना, अँटिबॉडी टायटरला वगैरे, लॉगच शोभतो.

‘अधिक-उणे’च्या पुढे काय लिहिलंय ते नेहमी सांगा. एसडी सांगतो की रुग्ण एकमेकांपासून किती वेगळे आहेत. प्रमाण त्रुटी, म्हणजे एसईएम, सांगते की तुमची सरासरी किती डळमळीत आहे. ३६ रुग्णांत एसडी १२ असेल तर एसईएम १२ भागिले ३६ चं वर्गमूळ, म्हणजे २. आलेखात छोटी काडी देखणी दिसते म्हणून प्रयोगशाळांत एसईएम लावायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. रुग्णांमधला फरक दाखवायचा असेल तर एसडी, सरासरीची खात्री दाखवायची असेल तर ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरी सरासरी जिथे असण्याचा भरवसा धरता येतो ती कक्षा. एसईएमला स्वतंत्र काम उरत नाही.

पायरी ७ : चाचणी

हा भाग लोकांना सगळ्यात अवघड वाटतो, पण आधीच्या पायऱ्या नीट झाल्या असतील तर इथे फारसं काही उरत नाही. दोन वेगळ्या गटांच्या सरासऱ्या असतील तर टी-टेस्ट, गटांचे एसडी समान न धरणारी, वेल्चची. दोनपेक्षा जास्त गट असतील तर अनोव्हा. शेपूटवाले थोडेसे आकडे असतील तर मान-व्हिटनी. हो-नाही अशी उत्तरं असतील तर काय-स्क्वेअर, आणि एखाद्या चौकटीत अपेक्षित संख्या पाचाखाली गेली तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट. ‘जामोव्ही’ आणि ‘आर’ ही संख्याशास्त्राची दोन्ही सॉफ्टवेअरं मोफत आहेत. नवख्याने जामोव्हीने सुरुवात करावी, तिथे मेनूवरून सगळं होतं.

जोडीच्या आकड्यांपाशी मात्र थांबा. पाच रुग्णांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा) उदाहरणादाखल घेऊ. आधी : ९.१, ७.४, १०.२, ८.०, ११.०. तीन महिन्यांनी : ८.६, ७.०, ९.६, ७.६, १०.४. दोन वेगळे गट समजून साधी टी-टेस्ट लावली तर टी येतो ०.५५, पी-व्हॅल्यू ०.६ च्या आसपास, म्हणजे फरक नाही. आता प्रत्येक रुग्णाचा स्वतःचा फरक काढा : ०.५, ०.४, ०.६, ०.४, ०.६. सगळे कमी झाले, जवळपास सारखेच. पेअर्ड टी-टेस्टमध्ये टी ११ च्या वर जातो आणि पी-व्हॅल्यू ०.००१ च्या खाली. आकडे तेच. रुग्ण एकमेकांपासून फार वेगळे होते, आणि तो गोंगाट जोडी लावल्यावर बाजूला झाला.

पण याचा अर्थ औषध लागू पडलं असा अजून नाही. साखर सगळ्यात वाढलेली असतानाच रुग्ण आपल्याकडे येतो, आणि काहीही न करता पुढच्या वेळी ती थोडी खाली येण्याचीच शक्यता जास्त असते. तुलनेचा गट नसेल तर “आधी-नंतर”चा फरक औषधाच्या नावावर जमा करू नका.

पायरी ८ : पी-व्हॅल्यू काय सांगते आणि काय नाही

खरोखर काहीच फरक नसता, तरी नुसत्या योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता किती, ते पी-व्हॅल्यू सांगते. एवढंच. “पी ०.०३ म्हणजे माझा निष्कर्ष ९७ टक्के खरा” हे चूक आहे. फरक किती मोठा आहे हेही ती सांगत नाही. हजारो रुग्ण घेतले तर नगण्य फरकाचीही पी-व्हॅल्यू खाली येते.

म्हणून फरक आणि त्याचं ९५ टक्के विश्वास-अंतराल द्या. स्ट्रेप्टोमायसिनच्याच आकड्यांवर करून पाहू. मृत्यू ७.३ टक्के विरुद्ध २६.९ टक्के, फरक १९.६ टक्के. अंतराल साधारण ६ ते ३३ टक्के निघतं. म्हणजे सगळ्यात कमी धरलं तरी शंभरात सहा जीव वाचतात. हे वाक्य वॉर्डातल्या माणसाला उपयोगी पडतं, “पी ०.०५ पेक्षा कमी” हे नाही.

आता पहिल्या पायरीवर राहिलेली गोष्ट. खरा फरक कुठेच नसताना २० स्वतंत्र चाचण्या लावल्या तर किमान एक तरी ‘सिग्निफिकंट’ निघायची शक्यता ६४ टक्के असते. याचं माझं आवडतं उदाहरण आयसिस-२ या चाचणीतलं. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हार्ट अटॅकची शंका असलेले १७,१८७ रुग्ण होते. अॅस्पिरिनने हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू ११.८ वरून ९.४ टक्क्यांवर आले. मग संशोधकांनी मुद्दाम रुग्णांच्या जन्मराशींप्रमाणे गट पाडून दाखवले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अॅस्पिरिनचा फायदाच दिसेना! इतक्या भक्कम अभ्यासाचे तुकडे पाडले तर असं दिसतं. मग आपण साठ रुग्णांचे स्त्री-पुरुष, वय, वजन, व्यसन असे तुकडे पाडत गेलो तर काय काय दिसेल, याचा विचार करा. उपगट पाहायचे असतील तर कोणते ते आधी लिहा, आणि किती पाहिले ते निकालात सांगा.

प्रयोगशाळेतल्यांसाठी दोन गोष्टी

नवं यंत्र किंवा नवी पद्धत आली की जुन्याशी तुलना करून “आर ०.९८ आला, दोन्ही सारखे” असा निष्कर्ष काढतात. इथे आर म्हणजे सहसंबंध, दोन आकडे किती सोबत चढतात-उतरतात ते सांगणारा. ग्लुकोमीटर प्रत्येक रुग्णाची साखर बरोबर २० ने जास्त दाखवत असेल तर आर पूर्ण १ येईल, आणि इन्सुलिनचा डोस मात्र चुकेल. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये सांगितलेली रीत वापरा : प्रत्येक नमुन्याच्या दोन आकड्यांमधला फरक काढायचा आणि तो त्यांच्या सरासरीसमोर मांडायचा. फरकांची सरासरी ८ आणि एसडी १० असेल तर बहुतेक फरक उणे ११.६ ते अधिक २७.६ मध्ये पडतील. एवढा फरक रुग्णाला चालेल का, हे मग डॉक्टरला विचारा.

दुसरी गोष्ट रोगनिदान-चाचण्यांची. ९५ टक्के सेन्सिटिव्हिटी (आजारी माणसांपैकी किती पकडते), ९५ टक्के स्पेसिफिसिटी (निरोगींपैकी किती जणांना निगेटिव्ह दाखवते) असलेली चाचणी घ्या. जिथे निम्म्या लोकांना आजार आहे अशा तज्ज्ञांच्या ओपीडीत १०० पॉझिटिव्हपैकी ९५ खरे असतात. तीच चाचणी गावातल्या शिबिरात लावा, जिथे आजार २ टक्के आहे. १००० माणसांत आजारी २०, त्यातले १९ पकडले. निरोगी ९८०, त्यातले ४९ उगाच पॉझिटिव्ह. एकूण ६८ पॉझिटिव्हमध्ये खरे फक्त १९, म्हणजे २८ टक्के. किट तेच, माणसं बदलली. शिबिरातल्या पॉझिटिव्ह माणसाला रिपोर्ट हातात देताना हा आकडा आपल्या मनात असायलाच हवा.

रोजच्या कंट्रोलबद्दलही, म्हणजे यंत्र तपासायला चालवतात त्या आधीच माहीत असलेल्या पातळीच्या नमुन्यांबद्दलही, एक वाक्य : दोन लेव्हल चालवत असाल तर यंत्र ठणठणीत असतानाही साधारण अकरा दिवसांतून एकदा कुठला तरी कंट्रोल २ एसडीच्या बाहेर जाणारच. तेवढ्यावरून कंट्रोल पुन्हा पुन्हा लावून ‘आत’ आणू नका. वेस्टगार्डचे (कंट्रोलवरून निकाल कधी नाकारायचे ते सांगणारे) बाकीचे नियम पाहून मग ठरवा.

पायरी ९ : लिहिताना

किती जणांना विचारलं, किती आले, किती मधेच गेले, किती मोजले, हे पहिल्या परिच्छेदात. गेलेल्यांना गाळू नका. ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात त्यांना मोजा, औषध अर्धवट घेतलं असलं तरी. पी-व्हॅल्यू खरी लिहा, ०.०४ किंवा ०.२१ अशी, नुसतं ‘एनएस’ (नॉट सिग्निफिकंट) नको.

पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर आली तर “दोन्ही औषधं सारखी आहेत” असं लिहू नका. विश्वास-अंतराल पाहा. फरक उणे १ ते अधिक १ असेल आणि एवढ्याने रुग्णाला काही होत नसेल तर सारखी म्हणता येतील. उणे ५ ते अधिक २० असेल तर तुमच्या अभ्यासाला अजून उत्तर मिळालेलं नाही, आणि तसंच लिहायचं. त्या दंतवैद्यकाच्या विद्यार्थिनीने ३० ओळींचाच तक्ता थिसिसमध्ये दिला, असंच वाक्य लिहिलं, आणि पुढच्या अभ्यासाला प्रत्येक गटात किती रुग्ण लागतील ते स्वतःच्या एसडीवरून काढून दिलं. परीक्षकांनी त्या पानावर तिला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले आणि तिला सगळ्यांची उत्तरं देता आली.

शून्याचंही तसंच. “३० रुग्णांत एकालाही रिअॅक्शन आली नाही, म्हणून औषध सुरक्षित” हे वाक्य मी दर वर्षी खोडते. शून्य आला की ३ ला रुग्णसंख्येने भागा : ३ भागिले ३० म्हणजे १० टक्के. तुमच्या अभ्यासावरून इतकंच म्हणता येतं की रिअॅक्शनचं प्रमाण साधारण १० टक्क्यांहून जास्त नसावं. शंभरात दहा जणांना रिअॅक्शन येत असली, तरी तीस जणांत ती एकदाही न दिसणं घडू शकतं.